‘नंतर’ नको, ‘नाही’ हवं

प्रति,
अ‍ॅपमधल्या बटणांवर काय लिहायचं, नोटिफिकेशन किती वाजता पाठवायचं आणि बाहेर पडायच्या वाटेला किती वळणं ठेवायची हे ठरवणाऱ्या सर्व मंडळींना,

विषय : ‘नाही’ हा शब्द परत मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझी वाक्यं तुमच्याकडे आहेत. गेली अकरा वर्षं मी अ‍ॅप आणि वेबसाइटवरच्या मजकुराचं मराठी करते. तुमच्या टीममधलं कुणीतरी एक्सेल शीट पाठवतं. डाव्या रकान्यात मूळ वाक्य, मधल्यात मी भरायचं मराठी, उजवीकडे अक्षरमर्यादा आणि शेवटी ‘संदर्भ’ नावाचा रकाना, जो दहापैकी नऊ वेळा रिकामा असतो. वाक्य कुठल्या पडद्यावर येणार, ते वाचताना माणूस खुशीत असेल की घाबरलेला, हे मला कळत नाही. शब्दामागे ठरलेले पैसे मिळतात. ‘पुढे चला’, ‘पुन्हा प्रयत्न करा’, ‘काहीतरी चुकलं’ असं मराठीत जे काही दिसतं, त्यातलं थोडंफार माझ्या हातून गेलेलं असणार. हे कुणी लिहिलंय असा प्रश्न वाचणाऱ्याला पडत नाही, आणि तो पडू नये हीच त्यातली कारागिरी.

मागच्या महिन्यात आलेल्या एका शीटमुळे हे पत्र लिहिते आहे. नोटिफिकेशनच्या सेटिंगचा पडदा नव्याने बांधला जात होता. जुन्या शीटमध्ये मीच कधीतरी भरलेली एक ओळ होती : ‘सर्व सूचना बंद करा’. नव्या शीटमध्ये ती लाल रंगात खोडलेली. तिच्या जागी सव्वीस ओळी, सव्वीस प्रकारच्या सूचनांसाठी, आणि प्रत्येकीखाली दोनच पर्याय : ‘सुरू’ आणि ‘कमी वेळा’. ‘बंद’ कुठेच नाही. नजरचुकीने राहिलं असेल म्हणून मी विचारलं. उत्तर आलं, राहिलेलं नाही, ठरवून काढलंय. ‘बंद’ ठेवलं की लोक बंद करतात.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मग ते काम परत पाठवलं.

मराठीत नकाराची चंगळ आहे. नाही, नको, नव्हे, नये, नका. ‘नाही’ ही माहिती असते, ‘नको’ ही इच्छा, ‘नव्हे’ ही दुरुस्ती, ‘नये’ हा सल्ला आणि ‘नका’ ही विनंती, किंवा आवाज चढला तर दटावणी. फारच झालं की जीव ‘नको नको’ होतो. यातलं नेमकं कुठलं कुठे बसवायचं यावर मी एकेका ओळीपाशी अर्धा अर्धा तास घालवलाय. आता ती डोकेदुखी राहिली नाही, कारण या सगळ्यांच्या जागी तुम्ही एकच शब्द आणून बसवलात : ‘नंतर’.

हे एका दिवसात झालं नाही. जुन्या फाइली उघडल्या की पायऱ्या स्वच्छ दिसतात. आधी ‘हो’ आणि ‘नाही’ अशी सरळ जोडी असायची. मग ‘नाही’ला शेपूट आलं, ‘नाही, धन्यवाद’. ठीक आहे, सभ्यपणा वाईट नाही. मग त्याचं ‘आत्ता नको’ झालं. इथे मी अडखळायला हवं होतं. ‘आत्ता नको’ म्हणणारा पुढे कधीतरी ‘हो’ म्हणणारच, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. पण मी फक्त अक्षरं मोजली आणि पुढच्या ओळीवर गेले. मग आलं ‘नंतर आठवण करा’, म्हणजे पुन्हा विचारा अशी विनंती नकार देणाऱ्याच्याच तोंडून वदवून घ्यायची. त्यापुढे ओळच गायब. उरली वरच्या कोपऱ्यातली फुली, तीही पाच सेकंदांनी उगवणारी, पांढऱ्यावर फिकट राखाडी.

मधल्या काळात टोमण्यांचा एक हंगाम येऊन गेला, अजूनही पुरता ओसरलेला नाही. ‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत.’ ‘नाही, मला तब्येतीची पर्वा नाही.’ ही वाक्यं मी लिहिलेली आहेत. पहिल्यांदा मी ते मवाळ केलं होतं, ‘मला ही सवलत नको’ एवढंच. शीट परत आली. शेरा होता : अर्थ बरोबर, पण टोचत नाही. मग मी टोचणारं लिहिलं आणि त्याचं बिलही लावलं. तेव्हा मी हात झटकून हे पत्र लिहिते आहे असं समजू नका. त्या सुईत दोरा मीही ओवलाय.

या क्लृप्त्यांना नाव आहे. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० साली त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हटलं आणि त्यांची नावनिशीवार यादी करायला घेतली. शिरायला सोपं आणि निघायला अवघड अशी रचना, नकार देणाऱ्याला लाजवणारी वाक्यं, नकळत खूण करून ठेवलेले चौकोन, सगळं त्या यादीत आहे. म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

आता यात माझं काय अडकलंय ते सांगते.

काही वर्षांपूर्वी एका मेसेजिंग अ‍ॅपचं काम माझ्याकडे होतं. त्यातल्या एका ओळीचा आशय असा : अमुक व्यक्तीशी तुम्ही बरेच दिवस बोललेला नाहीत. मराठीत इथे पंचाईत होते. नावाच्या जागी कंस असतो, त्यात यंत्र कुठलंही नाव आणून घालणार. ती व्यक्ती बाई की पुरुष, लहान की मोठी, माहीत नाही. वाचणारा ‘बोललास’ म्हणावा असा की ‘बोललीस’, तेही माहीत नाही. नावाला प्रत्यय जोडावा तर यंत्राला सामान्यरूप करता येत नाही. पुष्कळ खटपट करून मी वाक्य जुळवलं : ‘(नाव) यांच्याशी बऱ्याच दिवसांत बोलणं झालेलं नाही. एक मेसेज पाठवून पाहा!’ ‘बोलणं झालेलं नाही’ म्हटलं की लिंगाचा प्रश्नच मिटला. ‘यांच्याशी’मुळे मानही राहिला आणि सामान्यरूपही टळलं. मर्यादेत दोन अक्षरं उरली. मी स्वतःवर इतकी खूश होते की मैत्रिणीला फोन करून सांगितलं.

आई गेली त्याला पाच महिने झाले होते. रात्री पावणेअकराच्या सुमाराला फोन उजळला. आईचा फोटो आणि त्याच्याखाली माझं वाक्य. ‘आई यांच्याशी बऱ्याच दिवसांत बोलणं झालेलं नाही. एक मेसेज पाठवून पाहा!’

‘आई यांच्याशी’ असं कुणी म्हणत नाही. आईशी म्हणतात. खाटेच्या कडेला बसून माझ्या मनात पहिलं आलं ते हे, व्याकरण. बाकीचं मागाहून आलं.

पण रडू आलं म्हणून हे सांगत नाही. त्या वाक्याखाली दोन बटणं होती : ‘मेसेज पाठवा’ आणि ‘नंतर आठवण करा’. मला यातलं काहीच नको होतं. तिसरं काही नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर दोन वाटा निघाल्या, संभाषण पुसून टाका किंवा त्या व्यक्तीला ब्लॉक करा. तिचे आवाज त्यात आहेत, ती कशी पुसू? आणि ब्लॉक, आईला? मला एवढंच सांगायचं होतं की या नावाबद्दल मला काही विचारू नका, पुन्हा कधीच नको. ते सांगायला त्या अ‍ॅपमध्ये जागा नव्हती. शेवटी मी ‘नंतर आठवण करा’ दाबलं, कारण दुसरं दाबण्यासारखं काही नव्हतं. आणि यंत्र शब्दाला जागलं. पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा आठवण केली.

हे फक्त माझ्या बाबतीत झालं असतं तर गप्प बसले असते. २०१४च्या डिसेंबरमध्ये वेब डिझायनर एरिक मेयर यांना फेसबुकने ‘तुमचं वर्ष असं गेलं’ म्हणून एक सजवलेला फोटो दाखवला, भोवती नाचणाऱ्या आकृत्यांसह. फोटो त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा होता, जी त्याच वर्षी गेली होती. मेयर यांनी त्यावर लिहिलं, तेव्हा कुणा माणसाला दुष्ट ठरवलं नाही. दोष विचार न करता लिहिलेल्या कोडचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी सुचवलेला उपाय माझ्या मागणीच्या फार जवळचा आहे : पाहायचं आहे का ते आधी विचारा, साधं हो किंवा नाही. आणि नाही म्हटलं तर पुन्हा विचारायचं की कधीच नाही, तेही विचारा. त्याला दहा वर्षं उलटून गेली. माझ्या शीटमध्ये ‘कधीच नाही’ ही ओळ मला अजून भेटायची आहे.

दुसरी तक्रार बाबांची, त्यांच्या वतीने मी मांडते.

बाबा शहात्तर वर्षांचे. त्यांनी कुठल्याशा अ‍ॅपवरची वाचनसेवा महिनाभर मोफत म्हणून घेतली. घेताना अंगठा एकदा टेकवला, झालं. महिना संपायच्या आत बंद करायची, असं वहीत तारखेसह लिहून ठेवलं, माणूस शिस्तीचा आहे. त्या तारखेला दुपारी चष्मा पुसून टेबलाशी बसले. पहिला पडदा म्हणाला, तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं. दुसऱ्याने जे जे गमावणार त्याची यादी दिली. तिसऱ्यावर कारण विचारणारे सात पर्याय. चौथ्यावर निम्म्या दराचं आमिष. पाचव्यावर एक मोठं निळं बटण : ‘सुरू ठेवा’.

काय सुरू ठेवा? रद्द करण्याची प्रक्रिया की सदस्यत्व? बाबांना वाटलं प्रक्रिया. चार पडदे ‘पुढे’, ‘पुढे’ करत आलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? त्यांनी ते दाबलं आणि सदस्यत्व सुरू राहिलं. खरं बटण त्याखाली होतं, बारीक राखाडी अक्षरांत, तळटीप असावी तसं. खात्यातून वर्षाचे पैसे गेल्यावर ते मला म्हणाले, ‘माझंच काहीतरी चुकलं असणार.’ पैशांपेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला तुम्ही स्वतःच्या वाचण्यावर शंका घ्यायला लावलीत.

ते मराठी माझं नव्हतं. पण अशा ओळी माझ्याकडेही येतात. अर्थ दोन निघतात, कुठला धरू, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : आहे तसं ठेवा.

असं बांधणाऱ्यांना आपण काय बांधतोय याची कल्पना नसते, हे मला पटत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला. प्राइमचं सदस्यत्व रद्द करायची वाट चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्यायांतून जात होती, असं त्या तक्रारीत म्हटलं होतं. कंपनीच्या आत त्या वाटेचं नाव होतं ‘इलियड’, होमरच्या न संपणाऱ्या युद्धाच्या महाकाव्यावरून. नाव ठेवणारा वाचणारा माणूस असला पाहिजे, मला त्याच्याबद्दल उगाच थोडी आपुलकी वाटली. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता अडीचशे कोटी डॉलरवर तडजोड केली, त्यातले दीडशे कोटी ग्राहकांना परत द्यायचे.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगते, कारण त्या तुम्हाला तोंडपाठ आहेत.

पान संपणं हाही एक नकारच असतो. आता पुरे, ऊठ. एझा रास्किन यांनी २००६ मध्ये न संपणारं स्क्रोल तयार केलं, हेतू एवढाच की माणसाला ‘पुढचं पान’ दाबत बसावं लागू नये. तो तळ गेला तो गेलाच. व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, आणि थांबवण्याचं काम तेवढं आमच्याकडे. रास्किन यांनी पुढे याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पॉप-अप जाहिरातीचा कोड लिहिणाऱ्या इथन झुकरमन यांनीही २०१४ मध्ये माफी मागितली. माफ्या येतात, बटणं येत नाहीत.

मग तो लाल ठिपका. पूर्वी त्याच्या आत कुणीतरी काहीतरी पाठवलेलं असायचं. आता बघावं तर ‘तुम्हाला हे आवडू शकतं’. माणसाची हाक आणि यंत्राची हाक यांचा रंग एक, आवाज एक, थरथर एक. लांडगा आला रे आला किती वेळा ऐकायचं? परवा माझ्या भावाचा खरोखर तातडीचा मेसेज मी दोन तास पाहिला नाही, काहीतरी सेलबिल असेल म्हणून.

बातम्यांचंही तेच. मथळा बातमी सांगायचा बंद झाला आणि लपवायला लागला. ‘पुढे जे घडलं ते वाचून थक्क व्हाल.’ अशा वाक्यांचा मी साचाच करून ठेवलाय, फक्त कर्ता बदलते. आणि शिफारशी! कुणीतरी मैत्रिणीच्या सुरात सांगतं की ही वस्तू माझ्या रोजच्या वापरातली आहे, आणि पैसे घेतल्याची कबुली वर्णनाच्या तळाशी, ‘आणखी वाचा’च्या पलीकडे, बाराव्या हॅशटॅगला. १९९४च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या वेब-मासिकाच्या पानावर पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या, तेव्हा निदान जाहिरातीला चौकट होती. तिथे बघायचं नाही हे डोळ्यांना शिकवता येत होतं. आता चौकटच काढून घेतल्यावर डोळ्यांनी नाही म्हणायचं कशाला?

संमतीचा मुद्दा मात्र भराभर उरकण्यासारखा नाही. कुकी, म्हणजे वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटीशी नोंद, १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मॉन्टुली यांनी तयार केली, ती वेबसाइटला ओळख लक्षात राहावी, खरेदीची टोपली पान बदललं तरी रिकामी होऊ नये म्हणून. तीच कुकी पुढे आमच्या मागे मागे, एका पानावरून दुसऱ्या पानावर हिंडू लागली. विचारायची पद्धत फार उशिरा आली, आणि आली तीही अशी : ‘सर्व स्वीकारा’ ठळक हिरव्यात, आणि नकारासाठी ‘प्राधान्यक्रम व्यवस्थापित करा’. हे शब्द माझेच, क्षमा करा. ‘प्राधान्यक्रम व्यवस्थापित करा’ या बटणामागे ‘नाही’ लपलेलं आहे हे कुठल्या वाचणाऱ्याला सुचेल? मला स्वतःलाही ते पडद्यावर पाहिल्यावर कळलं.

आणि जिथे विचारायचीच गरज वाटली नाही तिथलं काय? २०१२च्या जानेवारीत फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ जणांच्या फीडमधला मजकूर कमी-जास्त केला, कुणाला आनंदी मजकूर कमी, कुणाला दुःखी कमी, आणि त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यात फरक पडतो का ते तपासलं. २०१४ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा जगाला कळलं. फरक फार बारीक निघाला होता. मला तो निष्कर्ष महत्त्वाचा वाटत नाही. त्या सहा लाख एकोणनव्वद हजार तीन माणसांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच मी त्यातून घेते.

तुमचं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे. लोकांना हेच हवं असतं, नको असतं तर त्यांनी वापरलं नसतं. यावर वाद घालायची गरज नाही, परीक्षा झालेली आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर एक साधा प्रश्न सक्तीचा केला : या अ‍ॅपने इतर अ‍ॅप आणि वेबसाइटवर तुमचा माग ठेवला तर चालेल का? खाली दोन बटणं, सारख्या आकाराची. ॲपलचाही त्यात स्वार्थ असेल, मी कुणाची आरती ओवाळत नाही. पण तो प्रश्न यायच्या आधीच फेसबुकने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन विरोध केला होता, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीने, तेव्हा तिचं नाव मेटा झालेलं होतं, सांगितलं की या बदलामुळे त्या वर्षीच्या उत्पन्नात सुमारे हजार कोटी डॉलरचा फटका बसेल. लोकांना हेच हवं असतं, तर त्यांना विचारल्याने इतका फटका कसा बसला?

कायदाही आता अगदीच मूग गिळून बसलेला नाही. युरोपीय संघाचा डेटा संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कुकी नाकारणं स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला पंधरा कोटी आणि फेसबुकला सहा कोटी युरो दंड जाहीर केला. भारतानेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्या नावानिशी निषिद्ध ठरवल्या. त्यांत लाजवणारी नकाराची वाक्यं आहेत, सदस्यत्वाचा सापळा आहे आणि पुन्हा पुन्हा विचारून भंडावणंही आहे. पण तुम्ही दंडाच्या भीतीने सुधारावं यासाठी हे पत्र नाही. दंड तुम्ही खर्चाच्या रकान्यात मांडता, हेही आता आम्हाला कळायला लागलंय.

एक घरातला प्रसंग सांगते, मग मागण्या. माझा भाचा सात वर्षांचा. परवा टॅब मागायला आला. मी ‘नाही’ म्हटलं. तो म्हणाला, ‘मावशी, नाही नको म्हणूस. नंतर म्हण, म्हणजे मला परत विचारता येईल.’ तो चेष्टा करत नव्हता, मला नियम समजावून देत होता. ‘नाही’ हे उत्तर त्याच्या यादीतच नव्हतं. दर दहा मिनिटांनी तो येऊन विचारत राहिला, न रागावता, न रडता, अगदी तुमच्यासारखा. मी आठव्या खेपेला टॅब दिला. आठवीच खेप का, असं तुमच्यापैकी कुणी टिपून घेत असेल तर कृपा करून घेऊ नका.

मागण्या अशा आहेत.

जिथे ‘हो’ आहे तिथे ‘नाही’ हवं, त्याच पडद्यावर, त्याच आकाराचं, वाचता येईल अशा रंगात. ‘नंतर’ ठेवायचं असेल तर तिसरं म्हणून ठेवा, ‘नाही’च्या जागी नको.

दिलेलं ‘नाही’ लक्षात ठेवा. वाढदिवस, चपलेचं माप, रात्री कधी झोपते, सगळं तुमच्या लक्षात राहतं. एवढा एकच शब्द अ‍ॅप अपडेट झालं की पुसला जातो, असं कसं?

शिरायला एक टिचकी लागत असेल तर निघायलाही एकच. मन वळवायचं असेल तर एकदा वळवून पाहा, तेवढा तुमचा हक्क आहे. पाच पडदे नाहीत.

‘सर्व सूचना बंद करा’ ही ओळ परत घाला. माणसाने पाठवलेलं आणि यंत्राने पाठवलेलं यांचा आवाज आणि ठिपका वेगळा ठेवा.

एखादं नाव कायमचं शांत ठेवायची सोय द्या. न पुसता, न ब्लॉक करता, आणि कारण न विचारता. कारणांच्या यादीत ‘मृत्यू’ असा पर्याय घालून प्रश्न सुटला असं समजू नका. ते बटण दाबायला लावणं हीसुद्धा एक शिक्षा आहे.

पैसे घेऊन केलेली शिफारस पहिल्या ओळीत तशी सांगा.

शेवटची मागणी माझ्या धंद्यापुरती. आम्हा भाषांतरकारांना तो पडदा दाखवा. ‘संदर्भ’ रकाना रिकामा ठेवू नका. वाक्य कुणाला, कुठल्या वेळी, कुठल्या दोन बटणांच्या वर दिसणार हे कळलं असतं, तर त्या रात्रीची ती ओळ मी तशी लिहिली नसती. कदाचित लिहिलीच नसती. आणि जे माझ्यासारखंच काम करतात त्यांना विनंती, की टोचणारं लिहा असा शेरा आला तर एकदा शीट तशीच परत पाठवून बघा. दुसरं कुणीतरी ते करेलच, हे खरं आहे. तरी पाठवा.

तुमच्याबद्दल माझ्या मनात राग आहे, द्वेष नाही. तुमच्यापैकी काहीजणांशी मी वर्षानुवर्षं मेलवर बोलते. तुम्ही वेळेवर पैसे देता, माझ्या शंकांना सणासुदीलाही उत्तरं देता. आई गेली तेव्हा तुमच्यातल्या एकीने मला चार ओळींचं पत्र लिहिलं होतं, कुठल्याही साच्यातलं नाही, स्वतःचं. तिच्याकडूनच मागच्या महिन्यातली ती शीट आली होती, म्हणून हे तिलाही उद्देशून आहे.

त्या शीटचे पैसे मला नकोत. सव्वीस ओळी मी भरलेल्या नाहीत. फक्त लाल रंगात खोडलेली जुनी ओळ परत काळ्या रंगात करून ठेवली आहे, आणि तिच्यापुढच्या संदर्भाच्या रकान्यात माझा फोन नंबर लिहिलाय. पंधरा दिवस वाट पाहते.

कळावे,
तुमची एक भाषांतरकार